टार्पलीबाईंसाठी दोन मिनिटं

फोन मी धाडकन आपटला. पलीकडून कुणीतरी घशातल्या घशात ओलसर आवाज काढत होतं, मध्येच अडकत होतं, श्वास ओढून पुन्हा तेच. असल्या मेल्यांशी माझी रोजची गाठ. शिकागोच्या टेलिफोन एक्स्चेंजात कानाला यंत्र लावून बसलं, की बाईचा आवाज ऐकायला फोन करणारे, पिऊन रडणारे, नुसत्याच धापा टाकणारे, सगळे नमुने भेटतात. तिथं नोकरीपायी 'क्षमा करा, महाशय' म्हणावं लागतं. घरी कोण म्हणतंय? 'आधी थोबाड धुऊन ये,' असं म्हटलं, आपटला फोन आणि गॅसवरच्या शेंगा ढवळायला गेले. रविवारची दुपार होती. शेंगांना मीठ कमी होतं. मीठ घातलं, चव बघायला चमचा तोंडात घेतला आणि तसाच धरून उभी राहिले. तो आवाज पुन्हा पुन्हा एकच काहीतरी म्हणत होता. आणि ते 'ताई' असू शकत होतं. मला ताई म्हणणारा जगात एकच माणूस आहे, माझा धाकटा भाऊ लेमुअल, आणि तो जबडा मोडल्यापासून फोनवर कधी बोललेला नाही. मी फोनपाशी जाते तोवर तो पुन्हा वाजला. ओपलमावशी होती, आईची बहीण. लेम तिच्याकडेच राहतो. "काय गं अर्डेलिया, भावाला थोबाड धुवायला सांगतेस?" मावशी म्हणाली, "टार्पलीबाई गेल्या. काल, झोपेतच. तुला स्वतःच सांगायचं म्हणाला. मी म्हटलं, मी बोलते, तर नाही. सकाळपासून आरशासमोर उभा राहून 'ताई' म्हणत होता. आता मागच्या पायरीवर जाऊन बसलाय." टार्पलीबाईंनी आम्हा दोघांनाही शाळेत शिकवलं होतं. मी रडायला लागले तशी ती डाफरली, "रडायचं ते नंतर रड. तुझं बिल चढत नाहीये, माझं चढतंय. शनिवारी बाईंना शेवटचा निरोप द्यायचाय, आपल्याच चर्चमध्ये. लेम म्हणतो, मी बोलणार. रेव्हरंड पेटवेंनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, प्रत्येकाला दोनच मिनिटं ठेवलीत, त्याच्या बहिणीला बोलावून घ्या. तेव्हा ये." मी विचारलं, "म्हणजे त्याला थांबवू?" मावशी म्हणाली, "मी थांबव म्हटलं नाही. मी ये म्हटलं."

निघताना बुटांच्या खोक्यात मी तळलेली कोंबडी भरली. का भरली? अलाबामापर्यंत वाटेत कुठंही उतरावं, कुठल्याही हॉटेलात, कुठल्याही खुर्चीवर बसून जेवावं, असा कायदा होऊन वर्षं लोटली. आणि ज्यांची हाडं मोडून तो कायदा झाला त्यांतलाच एक आमच्या घरात मक्याची पेज खाऊन दिवस काढतो. पण आईनं भरायला शिकवलेलं खोकं, ते हात भरतातच. त्यावर कडी म्हणजे टेनेसीत बस थांबली, मी उतरले आणि पाय आपसूक स्टेशनच्या बगलेला वळले, जिथं पूर्वी आम्हा काळ्यांसाठी वेगळं दार असायचं. उघडलं तर आत झाडू, बादल्या आणि फिनेलचा वास. मागून खुदकन हसू आलं. डोक्यावर कुरळ्या केसांचा भलामोठा टोप वाढवलेली एक आमच्यातलीच पोरगी म्हणाली, "मावशी, पुढचं दार तिकडंय. कुठल्या जमान्यात आहात?" मी म्हटलं, "मेले, तुझ्या आईला विचार कुठल्या जमान्यात ते." ती आणखीच हसली, आणि तिच्या काखेतलं पुस्तक मला दिसलं. गुळगुळीत नवं कव्हर, त्यावर विटा आणि एक दार. टार्पलीबाईंनी आम्हाला दिलेली ती कादंबरी. मी अशी बघत राहिले की पोरीनं ते माझ्यापुढं धरलं. "आम्हाला कॉलेजात अभ्यासाला आहे. सर म्हणतात, चळवळीची भाषा आधी असल्या पुस्तकांत तयार झाली, रस्त्यावर मागाहून आली. तुम्ही वाचलंय?" मी म्हटलं, "वाचलंय. पण सलग नाही." तिला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. मी काही म्हातारी नाही, पण त्या दारासमोर उभी होते तेव्हा असेनही.

सलग वाचणार कसं? आमच्या शाळेला पुस्तकं यायची ती गोऱ्यांच्या शाळेनं टाकलेली, पहिल्या पानावर त्यांच्या पोरांची नावं, आत शाईचे डाग आणि मिशा रंगवलेले राष्ट्राध्यक्ष. आपल्यातल्या माणसानं लिहिलेलं एकही पुस्तक त्यात नसायचं. टार्पलीबाईंकडे त्या कादंबरीची एक प्रत होती, त्यांनी उत्तरेकडून ट्रंकेच्या तळाशी घालून आणलेली. शाळामंडळाला कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि एका प्रतीत अख्खा वर्ग कसा वाचणार? बाईंनी पाव कापायच्या सुरीनं पुस्तकाचा कणा कापला. मला तो आवाज अजून आठवतो, कारण आमच्यापैकी कुणी पुस्तकावर पेन्सिलसुद्धा कधी टेकवली नव्हती. मग एकेक जुडगं रफूच्या दोऱ्यानं शिवलं आणि प्रत्येकाला एकेक दिलं. रविवारच्या शाळेच्या पुस्तिकेत दडवून घरी न्यायचं, आठवडाभर वाचायचं, त्यातलं एक पान पाठ करून उभं राहून, हनुवटी वर करून म्हणायचं आणि शुक्रवारी दुसऱ्याला द्यायचं. जुडगी हाताला लागतील तशी फिरायची. त्यामुळं कुणाला आधी लग्न, मग जन्म. पाण्याच्या नळापाशी पोरं भांडायची. "तिला का रडतोस? ती मेली." "मेली? माझ्याकडं तर आत्ताच मांडवात उभी आहे!" आमच्या गावात ते पुस्तक असंच वाचलं गेलं, माझ्या वर्गात, मग दोन वर्षांनी लेमच्या वर्गात. बाई वर्गात भाषणं करत नसत. हक्क, न्याय, असले शब्दही त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. कुणी पान म्हणून दाखवलं की खिडकीकडं बघत नुसतं म्हणायच्या, "पुन्हा म्हण. या वेळी तुला ते पटल्यासारखं म्हण."

त्या कादंबरीत एक गवंडी आहे. ज्या गोऱ्या डॉक्टरचं घर त्यानं विटेवर वीट ठेवून बांधलेलं असतं, त्याच घराच्या पुढच्या दाराशी तो तापानं फणफणलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन येतो. मागच्या दारानं ये म्हणतात. तो जात नाही, टोपी काढत नाही, बोलतो. दीड पान नुसतं बोलतो. ते दीड पान लेमनं पाठ केलं होतं. आमचे वडील गवंडीच होते. आयुष्यभर टोपी हातात. राग आला की ते घरामागं जाऊन लाकडं फोडायचे, आणि आम्ही पोरं घाव मोजून ठरवायचो की आज कुणी किती अपमान केला. एका शनिवारी लेम अंगणात ते दीड पान म्हणत होता आणि बाबा कुऱ्हाड घेऊन जाता जाता थबकले. पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "कुणी लिहिलंय?" लेम म्हणाला, "आपल्यातल्याच एकानं." "मेला असेल." "नाही बाबा, जिवंत आहे." बाबा म्हणाले, "अजून?" आणि हसले. पण त्या दिवशी लाकडं फोडली नाहीत. कुऱ्हाड भिंतीला टेकवून किती तरी वेळ तिथंच बसून राहिले. मला तेव्हा भीती वाटली. घरात काहीतरी नवीन आलंय आणि ते माणसांना बदलतंय, असं वाटलं, आणि मला बदल नको होता, मला शिकागो हवं होतं.

मी शिकागोला आले आणि पुढच्याच वसंतात लेम वर्गातल्या चार पोरांबरोबर गावातल्या त्या दुकानात गेला, जिथं आम्हाला साबण विकत घेता यायचा पण कॉफी पिता यायची नाही. कॉफीच्या खुर्च्यांवर बसले. इतकंच. बसले. कुणीतरी साखरेची जाड काचेची बरणी उचलून त्याच्या तोंडावर हाणली. मग पोलिसांनी पकडलं ते यालाच, आणि कोठडीत तो जबडा तसाच राहिला, कुणी बांधला नाही. जीभ चिरली होती ती वाकडी जुळली. सतरा वर्षांचा होता. वर्गात त्याच्याइतकं स्वच्छ कुणी बोलत नसे. आईनं दोष साखरेच्या बरणीला दिला नाही, मारणाऱ्याला तर नाहीच. त्याच्याकडून तिची अपेक्षाच नव्हती. तिनं दोष दिला बाईंना. 'अर्धं पुस्तक दिलं माझ्या पोराला,' मरेपर्यंत म्हणत राहिली. कारण त्या कादंबरीच्या शेवटी गावातली माणसं गवंड्याला धरतात आणि त्याचे हात ठेचतात, पुन्हा वीट उचलता येणार नाही असे. आईचं म्हणणं, ती शेवटची पानं आधी हातात पडली असती तर पोरगं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतं ना. बाईंची नोकरी गेली, त्या गोऱ्यांच्या घरी शिवणकाम करायला लागल्या, आणि दर रविवारी चर्चनंतर लेमकडं यायच्या. आई त्यांना कॉफी द्यायची, केकसुद्धा द्यायची, पण त्यांच्यासमोर कधी बसली नाही. उभ्यानं वाढायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. आई गेली तरी बाई येत राहिल्या. मी सुट्टीला गेले की मला ओसरीवरून दोघांचा आवाज यायचा, बाईंचा थोडा आणि मग फार मोठी शांतता. दोघं करतात तरी काय, असं वाटायचं. मी विचारलं नाही.

मीही आईच्याच बाजूची. म्हणजे तोंडानं. खरं सांगायचं तर माझा हिशेब यापेक्षा वाईट आहे. पोरं त्या खुर्च्यांवर बसली नसती तर कायदा झाला नसता, आणि कायदा झाला नसता तर टेलिफोन एक्स्चेंजात काळी बाई घेतली नसती. भावाचा जबडा मोडला आणि बहिणीला आवाजाची नोकरी लागली, असं सरळ वाक्य मांडता येतं. किती गोड आवाज म्हणून मला तिथं पुढं बसवतात. माझ्या आवाजावरून माझा रंग कळत नाही, असं साहेब एकदा कौतुकानं म्हणाला आणि मी थँक यू म्हणाले. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी ठरवून टाकलं की लेमला बोलू द्यायचं नाही. भरल्या चर्चमध्ये तो उभा राहणार, तोंडातून ते ओलं फुसफुसणं निघणार, बायका मांडीवरच्या हातपंख्याकडं बघणार, पोरं एकमेकांना कोपर मारणार. मला ते सहन होणार नव्हतं. त्याला झालं असतं की नाही, हा विचार मी केलाच नाही.

घरी पोचले तर तो ओसरीवर उभाच होता, लॉन्ड्रीतल्या इस्त्रीच्या कामावरून आलेला, केसांत वाफेचा वास. मिठी मारली. फोनबद्दल मी काही बोलायच्या आत माझ्या पाठीवर थापटलं, झालं गेलं अशा अर्थानं. स्वयंपाकघरात बसलो. मावशी कोलार्डच्या पालेभाजीची पानं निवडत होती. मी तिला म्हटलं, "त्याला विचार, काय बोलायचंय त्याला." मावशी म्हणाली, "तूच विचार की. तो बहिरा नाहीये." मी लेमकडं वळून विचारलं. तो बोलला. बराच वेळ बोलला, थांबत, थुंकी आवरत, हातानं टेबलाची कड धरून. मला चार शब्द कळले असतील नसतील. मी मान हलवत होते, एक्स्चेंजात हलवते तशी. मावशी पानांवरून नजर न उचलता म्हणाली, "तो म्हणतो, आई चुकत होती. तिला तोंडावर सांगायचा धीर झाला नाही म्हणे. शेवटची पानं त्याला सगळ्यांत आधी मिळाली होती. पहिल्याच आठवड्यात." मला कळेना. "म्हणजे ठेचलेले हात? ते वाचून मग गेला?" लेमनं मान डोलावली. "वाचून गेलास? मूर्खा, का?" मी ओरडलेच. तो पुन्हा बोलला, या वेळी आणखी सावकाश, आणि मावशीनं पानं बाजूला ठेवली. "म्हणतो, बाबांचा राग त्याला तापासारखा वाटायचा. अंगात येतो, घाम येतो, लाकडं फोडली की उतरतो. तो राग म्हणजे विचार आहे, त्याला सुरुवात आहे, मध्य आहे, वाक्यं आहेत, हे त्याला त्या दीड पानात पहिल्यांदा कळलं. एकदा कळल्यावर लाकडं फोडून भागेना. म्हणतो, चर्चनं आपल्याला सोसायला शिकवलं. बोलायला या पुस्तकांनी शिकवलं. दुकानात ते पाचजण बसले ते बाईंनी पाठवलं म्हणून नाही, तर पाचहीजणांना तेच दीड पान पाठ होतं म्हणून. मार खाताना सगळेजण तेच म्हणत होते, मनातल्या मनात. हा म्हणतो, आपण सुरू केलेलं वाक्य ती बरणी लागल्यावर अर्धंच राहिलं, आणि पलीकडच्या पोरानं ते मोठ्यानं पुरं केलं." मावशीनं डोळे पुसले आणि लगेच त्याला म्हणाली, "एवढं सगळं दोन मिनिटांत? रेव्हरंड घड्याळ घेऊन बसणार आहे, बाबा."

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, बसू दे की घड्याळ घेऊन. पण मी म्हटलं, "लेम, मी वाचते ना तुझ्याऐवजी. तू सांग, मी लिहून घेते. तुझेच शब्द. तुला त्रास नको." मावशीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी नजर चुकवली. मी पुढं म्हणाले, "लोक खाली बघतील रे. मला नाही बघवणार." हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच त्याला नाही म्हणता आलं नाही. तो लहानपणापासून असाच, दुसऱ्याचं दुखतंय म्हटलं की आपलं सोडून देणारा. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं, मग खिडकीबाहेर. "बरं," म्हणाला. हा शब्द मला स्पष्ट कळला.

शनिवारी चर्च खचाखच भरलं. पांढऱ्या हातमोज्यांच्या बायका दाराशी, फुलांचा उग्र वास, आणि उघड्या शवपेटीत बाई निळ्या पोशाखात अगदी लहानशा दिसत होत्या. माझ्या आधी त्यांच्या वर्गातली एक बाई बोलायला उठली, आता स्वतःच नातवंडांची आजी. दोन वाक्यं बोलली आणि तिचा गळा दाटला. उभीच राहिली. आणि आमच्याकडं होतं तेच झालं, मी शिकागोच्या गुळगुळीत चर्चमध्ये जाऊन जाऊन विसरले होते ते. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सावकाश, बाळा." डावीकडून, "वेळ घे, आम्ही आहोत." मग सगळीकडून, "सावकाश. सावकाश." कुणीही खाली बघत नव्हतं. सगळे तिच्याकडं बघत होते, पंखे हलायचे थांबले होते, रेव्हरंड पेटवेंनी घड्याळ पालथं घातलं होतं. तिला बोलायला किती वेळ लागला देव जाणे, पण ती बोलली, आणि तिच्या प्रत्येक शब्दाखाली चर्चनं हात धरला. मला माझ्या शेजारी लेमचा श्वास ऐकू येत होता. हातातला कागद ओला झाला होता. त्या क्षणी मी तो कागद त्याच्या हातात द्यायला हवा होता. माझं नाव पुकारलं आणि मी उठले.

मी छान वाचलं. कप्पाळ माझं, फारच छान वाचलं. एक शब्द अडकला नाही. एक्स्चेंजातला आवाज, गोल, उबदार, कुणाचाही नसलेला. 'माझा भाऊ लेमुअल याच्या वतीनं' अशी सुरुवात केली. बाईंना 'आमच्या अंधारातला दिवा' म्हटलं. ते कागदावर नव्हतं, पण अशा वेळी म्हणतात. शेवटची पानं आधी मिळाल्याचं वाचलं तेव्हा सगळीकडून हुंकार उठला. रागाचं वाचलं. आणि मग ती ओळ आली, 'चर्चनं आपल्याला सोसायला शिकवलं.' समोर रेव्हरंड बसले होते, त्यांची बायको, सगळी वडीलधारी मंडळी. माझे डोळे त्या ओळीवरून पुढं सरकले आणि आवाजाला धक्कासुद्धा लागला नाही. ती ओळ गेली, आणि तिच्यामागून 'बोलायला या पुस्तकांनी शिकवलं' हीही गेली, कारण एकीशिवाय दुसरी उभी राहीना. लेम बाकावर बसून माझ्याबरोबर ओठ हलवत होता, लहानपणी हलवायचा तसे. त्या जागी त्याचे ओठ माझ्या पुढं गेले आणि मग थांबले. नंतर हलले नाहीत. मी पुरं केलं. लोक म्हणाले आमेन, मोठ्यानं म्हणाले, टाळ्या वाजवल्या. सावकाश कुणीच म्हणालं नाही. दोन मिनिटंसुद्धा पुरी लागली नाहीत.

नंतर खालच्या दालनात जेवण होतं. कोंबडी, मॅकरोनी, रताळ्याची गोड पाई, सगळं होतं. जो तो माझा हात हातात घेत होता. रेव्हरंड पेटवे म्हणाले, "काय आवाज दिलाय देवानं! बाईंना अभिमान वाटला असता." लेमच्या वर्गातला एकजण, त्या पाचांतलाच, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुझ्या बहिणीनं काय सुंदर मांडलं रे!" लेम हसला आणि काट्यानं मॅकरोनी बारीक करत राहिला, चांगल्या बाजूच्या दातांनी चावता येईल इतकी बारीक. ओपलमावशी माझ्याशी दिवसभर बोलली नव्हती. ताटं उचलताना माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अख्ख्या चर्चनं तुला आमेन म्हटलं. झालं समाधान?" मी म्हटलं, "मावशी, मी त्याच्यासाठीच..." ती म्हणाली, "ठाऊक आहे गं. तुझी आईही त्याच्यासाठीच भांडी आपटायची."

दुसऱ्या दिवशी रविवार. माझी बस संध्याकाळची होती. चर्चहून आल्यावर लेम ओसरीवर दोन खुर्च्या मांडत होता. मांडल्यावर क्षणभर दुसऱ्या खुर्चीकडं बघत उभा राहिला आणि मग ती आत न्यायला उचलली. मी पटकन जाऊन त्याच खुर्चीत बसले. तोही बसला. समोरच्या घरी कुणीतरी गाडी धूत होतं. मी म्हटलं, "लेम, ती ओळ मी गाळली." त्यानं मान डोलावली. "रेव्हरंड समोर होते रे. चुकलंच माझं." त्यानं हात हलवला आणि बोलायला सुरुवात केली. "ताई," हे कळलं. मग "बाई," मग काहीतरी, मग तो अडकला, जबडा एका बाजूला सरकला, डोळे बारीक झाले. मी म्हटलं, "बाईंना वाईट वाटलं असतं म्हणतोस?" त्यानं मान हलवली, नाही. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच. मला त्याचा तो ताण बघवेना. "बाईंनी तुला माफ केलं असतं, असं?" नाही. "पाणी आणू? दुखतंय का?" नाही. तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं आणि मी म्हणाले, "बाई तुला वाचून दाखवायच्या, हो ना? ते सांगतोयस?" लेमनं तोंड मिटलं. मग माझ्याकडं वळला आणि एकेक अक्षर जागेवर ठेवत, मला पहिल्यांदाच अख्खं वाक्य मावशीशिवाय कळेल असं म्हणाला, "बाई थांबायच्या."

मी हात मांडीवर घेतले आणि थांबले. गाडी धुणाऱ्यानं पाणी बंद केलं, नळी गुंडाळली, आत गेला. ऊन ओसरीवरून उतरून गेलं. मावशीनं आतून हाक मारली, बसची वेळ झाली म्हणून, तरी मी उठले नाही, बोलले नाही, त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. पण लेम पुढं काही बोलला नाही.